लहान मुलांस दुभत्याचें शिक्षण

दुभत्या जनावरांचा खुराक, त्यांचे रोग, दुधाचा भाव, संकरित गाईंचे गुणदोष इत्यादि विषयांवर शेतकी मासिकांतून पुष्कळ लिहिलें जातें, व तें अवश्यहि आहे. परंतु हें सर्व लिखाण घरांतील कर्त्या माणसास उद्देशून असतें. जें मूल आज सात-आठ वर्षांचें आहे आणि आणखी वीस-पंचवीस वर्षांनीं ज्याचें नांव सातबाऱ्यावर चढणार आहे, त्यास गाय-म्हैस म्हणजे काय हें कोणीं, केव्हां आणि कशा रीतीनें शिकवावें, याचा विचार आपल्या कास्तकार मंडळींत फारसा झालेला दिसत नाहीं. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनीची झाली व शिक्षण मराठी शाळेपुरतेंच झालें. तेव्हां शिक्षणशास्त्रावर अधिकारवाणीनें बोलण्याचा त्याचा दावा नाहीं. मात्र पीकपाहणी, वारस-नोंदी आणि पशुगणना यांच्या कागदांत आयुष्य घालविल्यामुळें एक गोष्ट वारंवार नजरेस आली. जमीन बापाकडून मुलाकडे फेरफारानें जाते. गुरांचा कोठा तसा जात नाहीं. बापाच्या मागें दोन-तीन वर्षांत कोठा रिकामा होतो आणि त्या जागीं मोटारसायकल उभी राहते.

याचें कारण मुलें आळशी झालीं, असें सांगण्याचा प्रघात आहे. मला तें पटत नाहीं. कोठ्याचें ज्ञान आपल्या घरांत मुळांत कोणापाशीं होतें, हें आधीं पाहिलें पाहिजे. जमीनधारकाच्या घरीं दहा-वीस ढोरें असत. पण सकाळीं आखरावरून तीं रानांत नेई गोवारी, शेण काढी मोलकरीण, आणि दूध काढून विरजण लावी घरांतील आई किंवा आजी. मालकास पारख असे ती बैलाची, कारण नांगर आणि गाडी बैलावर चाले. वर्धा-नागपुराकडील प्रसिद्ध जात जी गवळाऊ, तीहि मुख्यतः चपळ बैलांसाठींच जोपासली गेली. गाय ही बैलाची आई म्हणून पाळावयाची. दूध मिळालें तर मिळालें. कोणती म्हैस माजावर आली, कोणत्या वासराचें पोट फुगलें, कोणत्या गाईच्या एका सडांत गांठ झाली, हें मालकाच्या आधीं गोवाऱ्यास आणि आजीस कळत असे.

गोवाऱ्याचें पोर आठव्या वर्षीं काठी घेऊन ढोरांमागें जाई, म्हणून तें शाळेंत जात नसे. आपलीं मुलें शाळेंत बसलीं तीं त्याच्या निरक्षरपणाच्या आधारावर, हें ऐकण्यास कटु असलें तरी खरें आहे. आतां त्याचीं मुलें शिकतात, नागपूर-पुण्यास कामास जातात, हें फार चांगलें झालें. गोवारी मिळत नाहीं म्हणून पारावर कुरकुर करणाऱ्यांनीं ता. २३ नोव्हेंबर १९९४ हा दिवस आठवावा. त्या दिवशीं आपले हक्क मागण्यास नागपुरास गेलेल्या ११४ गोवारी बांधवांचे प्राण चेंगराचेंगरींत गेले. गायगोधनाच्या दिवशीं त्यांचा मान करावा आणि वर्षभर त्यांच्या लेंकरांनीं आपलीं ढोरें चारावीं, ही व्यवस्था संपली, व ती पुन्हां येऊं नये. परंतु तिच्याबरोबर कोठ्याचें ज्ञानहि आपल्या घरांतून गेलें. कारण तें आपण आपल्या मुलांस कधीं दिलेंच नव्हतें.

दुसरा बदल चराईचा आहे. जुन्या मध्यप्रांतांतील गांवांचें निस्तार पत्रक ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस ठाऊक आहे कीं गुरांच्या चराईसारखे गांवकऱ्यांचे हक्क त्यांत नोंदलेले असतात. मालगुजारी ता. ३१ मार्च १९५१ रोजीं संपली. तरी १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमांत निस्तार पत्रकाची तरतूद राहिलीच. कागद राहिला, गवत राहिलें नाहीं. गायरानांवर अतिक्रमणें झालीं. गोसीखुर्दच्या जलाशयाखालीं वैनगंगेच्या कांठचीं शेतें आणि रानें गेलीं. कोका अभयारण्य २०१३ सालीं नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पांत धरलें गेलें, व त्या बाजूच्या जंगलांत गुरें घेऊन जाणें म्हणजे जिवाशीं खेळ आहे. तात्पर्य, आज ढोर दाव्याला बांधलेलें आहे. मोकळें ढोर आपला पाला-चारा कांहीं अंशीं आपणच निवडून खातें. बांधलेल्या ढोरानें काय खावें आणि किती खावें हें सर्वस्वीं माणसाच्या हातीं असतें. म्हणून गोवाऱ्याचें ज्ञान जसेंच्या तसें शिकवूनहि आतां भागणार नाहीं. त्यास वजन, माप, तारीख आणि हिशेब यांची जोड हवी. आणि ती जोड शाळेंत जाणाऱ्या मुलास जितकी सहज साधेल तितकी आपणां मोठ्यांस साधणार नाहीं.

मोठेपणीं गरज पडेल तेव्हां शिकतील, असें म्हणणाऱ्यांनीं शेजारचें उदाहरण पहावें. २००६ सालीं पश्चिम विदर्भांतील सहा जिल्ह्यांसाठीं जें पॅकेज जाहीर झालें, त्यांत अनुदानावर संकरित गाई देण्याची योजना होती. हेतु चांगलाच होता. पण ज्यांच्या घरीं हिरवा चारा नाहीं, पाणी पुरेसें नाहीं आणि जास्त दुधाच्या गाईची संवय नाहीं, अशा कित्येक कास्तकारांस ती गाय पोसवेना व त्यांनीं ती विकून टाकली. आपला देश १९९८ पासून दुधाच्या उत्पादनांत जगांत पहिला आहे. २०२३-२४ सालीं तें सुमारें २३.९ कोटी टन झालें. असें असूनहि विदर्भ व मराठवाडा यांच्यासाठीं २०१६ सालीं निराळा दुग्धविकास प्रकल्प हातीं घ्यावा लागला. गुजरातेंत खेडा जिल्ह्याचा संघ १९४६ सालीं निघाला. तेथील मूल दूध घालावयास आईबरोबर केंद्रावर जात-जात मोठें झालें. आपल्याकडे तशी पिढी अजून व्हावयाची आहे.

मुलांस उद्योगाच्या द्वारें शिकवावें, हा विचार कांहीं दूरदेशचा नव्हे. ता. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचें शिक्षण मातृभाषेंतून व एखाद्या उत्पादक उद्योगाच्या भोंवतीं गुंफून द्यावें, असें तेथें ठरलें, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें त्याचा आराखडा केला. त्याच सुमारास मध्यप्रांताचे शिक्षणमंत्री पं. रविशंकर शुक्ल यांनीं विद्यामंदिर योजना काढली. गांवच्या शाळेस दानांत मिळालेली जमीन जोडावी व तिच्या उत्पन्नांतून शाळेचा खर्च निघावा, अशी ती कल्पना होती. भंडारा जिल्हा तेव्हां मध्यप्रांतांतच होता. १९३९ च्या नोव्हेंबरांत मंत्रिमंडळानें राजीनामा दिला आणि योजनेचा जोर ओसरला. महसुली माणसास तींतील दोष ताबडतोब दिसतो: ज्या वर्षीं आणेवारी चार आण्यांवर येईल त्या वर्षीं गुरुजींनीं काय खावें? तरी शाळेस जमीन असावी, हा विचार पुन्हां कोणीं नेटानें केला नाहीं याचें वाईट वाटतें. वर्ध्याच्या शिक्षणांत सूत जितकें पुढें आलें तितकें दूध आलें नाहीं, असेंहि मला वाटतें. वस्तुतः गाईचें काम त्याच गांवीं चाललें होतें. सेठ जमनालाल बजाज यांनीं १९४२ सालीं देहावसान होईपर्यंतचे अखेरचे दिवस गोसेवेस वाहिले होते, आणि वर्ध्याच्या गोरस भांडाराचा गोरसपाक आपल्यापैकीं पुष्कळांनीं खाल्ला असेल.

इंग्लंडांत ही गोष्ट व्यापारी दृष्टीनें झाली. डेव्हन परगण्यांतील हेमिऑक या खेड्यांत युनायटेड डेअरीज या कंपनीचा दुधाचा कारखाना होता. तेथें १९२१ सालीं शेतकऱ्यांच्या मुलांचें वासरें पाळण्याचें मंडळ निघालें, आणि तेथूनच त्या देशांतील तरुण शेतकरी मंडळांची चळवळ सुरू झाली. कंपनीनें हें धर्मार्थ केलें असें मानण्याचें कारण नाहीं. तिला चांगलें दूध हवें होतें. पण बापास उपदेश करण्याऐवजीं मुलाच्या हातीं वासरूं दिलें असतां बापाचा कोठाहि सुधारतो, हें तिनें बरोबर ओळखलें.

माझी सूचना याच धर्तीची आहे व ती साधी आहे. घरांत जें पुढचें वासरूं किंवा वगार जन्मास येईल, तें आठ ते बारा वर्षांच्या मुलाच्या नांवें करावें. नांवें करावें म्हणजे लाडानें 'हें तुझें' म्हणून सोडून द्यावें असें नव्हे. त्याची जन्मतारीख, आईचें नांव, वजन, पाजलेलें दूध, दिलेलें औषध, टोंचलेली लस, हें सर्व मुलाच्या हातानें एका शंभर पानी वहींत लिहिलें जावें. पुढें तें जनावर विकलें गेलें किंवा दुधावर आलें, तर त्याच्या पैशाचा ठरलेला वाटा मुलाच्या पोस्टांतील बचतखात्यांत पडावा. 'तुझ्याच कामाला येतील' म्हणून बापानें ते पैसे वापरूं नयेत. तसें एकदां झालें कीं मुलाच्या दृष्टीनें सारा प्रकार मोठ्यांचा कावा ठरतो, आणि वही बंद पडते.

मुलगा म्हटलें तेथें मुलगीहि समजावी. ता. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदु वारसा कायद्याप्रमाणें मुलीस वडिलोपार्जित मिळकतींत मुलाइतकाच हक्क आहे. वारस-नोंदींत नांव चढवावयाचें आणि कोठ्याच्या हिशेबांत मात्र तिला शेणापुरतीच धरावयाची, हें बरें नव्हे. शिवाय शिकविणारी बहुधा आजी असणार, आणि आजीचें ऐकण्यांत मुली मुलांपेक्षां तत्पर असतात, हें सर्वांस ठाऊक आहे.

पहिला धडा जन्मानंतरच्या पहिल्या तासाचा. जार पडेपर्यंत वासरास पाजूं नये, अशी समजूत पुष्कळ घरीं अजून आहे, आणि तीमुळें वासरें दगावतात. वासरूं रोगाशीं झुंजण्याची शक्ति घेऊन जन्मत नाहीं. ती त्यास आईच्या चिकांतून मिळते. आणि चिकांतील तें सत्त्व शोषून घेण्याची वासराच्या आंतड्याची ताकद तासागणिक कमी होत जाऊन सुमारें एका दिवसांत संपते. म्हणून अर्ध्या-एक तासाच्या आंत पहिला चीक पोटांत गेला पाहिजे, व पहिल्या दिवसांत वजनाच्या सुमारें दहाव्या हिश्शाइतका गेला पाहिजे. खरवस त्यानंतर. मुलास हें एकदां कारणासह सांगितलें कीं तें घड्याळ घेऊन उभें राहतें व आजोबांसहि जार पडण्याची वाट पाहूं देत नाहीं. हा अनुभव कोणींहि घेऊन पहावा.

दहावा हिस्सा काढावयाचा तर वजन हवें, आणि वासरूं तोलण्यास कांटा घरीं नसतो. येथें शाळेचें गणित कामास येतें. शिंप्याची फीत घेऊन पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजावा, खांद्याच्या टोंकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजावी, दोन्ही इंचांत. घेरास घेरानें गुणून, त्यास लांबीनें गुणून, ६६० नें भागलें म्हणजे अदमासें किलोंत वजन येतें. घेर ३० इंच व लांबी २६ इंच असेल तर ३० × ३० × २६ = २३४००, आणि ६६० नें भागल्यावर सुमारें साडेपस्तीस किलो. म्हणजे रोजचें दूध साडेतीन लिटरांच्या आसपास. दर रविवारीं हें मोजमाप करून वहींत लिहिलें, तर वासरूं वाढतें आहे कीं नुसतें पोट सुटतें आहे, हें आंकडाच सांगतो. गुणाकार-भागाकाराचा कंटाळा करणारें मूल आपल्या वासरासाठीं तो बिनतक्रार करतें.

म्हशीच्या वासराविषयीं एक गोष्ट विशेष सांगितली पाहिजे. त्यास आईच्या दुधांतूनच गोलकृमींची बाधा होते, आणि बाहेरून कांहीं दिसण्यापूर्वींच तें खंगत जातें. दहाव्या दिवसाच्या सुमारास पशुवैद्याच्या सल्ल्यानें जंताचें औषध देणें ही मुलाच्या वहींतील ठळक तारीख असावी. अशाच आणखी तारखा: गाय साधारण नऊ महिने नऊ दिवसांनीं विते, म्हैस दहा महिने दहा दिवसांनीं, माज फुकट गेला तर सुमारें एकवीस दिवसांनीं पुन्हां येतो, घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वीं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ह्या तारखा मुलानें लाल पेन्सिलीनें घेरून ठेवाव्या. एक माज हुकला म्हणजे तीन आठवड्यांचा खुराक अंगावर आला, हें त्यास आपोआप समजूं लागतें. २०२२ च्या लम्पीच्या सांथींत गांवोगांव लसीसाठीं धांवाधांव झाली. कोणत्या जनावरास कोणती लस केव्हां दिली, याची लेखी नोंद किती घरीं होती?

आपल्या जिल्ह्याचा खरा धडा तणसाचा आहे. बांध्याबांध्यांतून धान पिकतो, त्यामुळें ढोराच्या पुढें वर्षभर तणसाचाच भारा पडतो. तणसानें पोट भरतें पण अंगीं लागत नाहीं. त्यांत प्रथिनें अत्यल्प असतात, वाळूच्या जातीचें सिलिका पुष्कळ असतें, आणि त्यांतील ऑक्झॅलेटमुळें चुन्याचा अंश जनावरास नीट मिळत नाहीं. म्हणून तणसाबरोबर बरसीम, चवळी, लाखोळीचें कुटार असा द्विदल चारा व क्षारमिश्रण यांची जरूर लागते. शंभर किलो तणसावर चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यांत विरघळवून शिंपडावा व ढीग एकवीस दिवस हवाबंद ठेवावा, म्हणजे तणसाचा कस वाढतो. हें काम मोठ्यांनीं करावें, कारण प्रमाण चुकल्यास युरिया विष ठरतो. मुलानें फक्त पहावें, व झांकल्याची आणि उघडल्याची तारीख लिहावी. ज्या बांधींत धानानंतर ओल राहते तिच्या एका कोपऱ्यांत चार गुंठे बरसीम मुलाच्या हातानें पेरवावा. खताच्या पोत्यावर पैसे खर्चणारा कास्तकार या चार गुंठ्यांस कां-कूं करतो, याचें मला नेहमींच नवल वाटतें.

दुधाची गोष्ट मुलास पेल्यांत दाखवितां येते. एकाच म्हशीच्या पहिल्या धारा एका कांचेच्या पेल्यांत व शेवटच्या धारा दुसऱ्या पेल्यांत धरून रात्रभर ठेवाव्या. सकाळीं दुसऱ्या पेल्यावर साय जाड दिसते. कासेंतलें शेवटचें दूध अधिक स्निग्ध असतें, हें मुलानें पाहिलें कीं घाईनें अर्धवट दूध काढणाऱ्यास केंद्रावर फॅट कां कमी लागतो, याचा उलगडा त्यास होतो. गाईच्या दुधाचा भाव आपल्या राज्यांत ३.५ फॅट व ८.५ इतर घनपदार्थ या पायावर धरतात. केंद्रावर मिळालेली चिठ्ठी मुलाकडून वाचवून घ्यावी व वहींत चिकटवावी. बापास मोजमापाचा संशय असतो पण यंत्राचा आंकडा वाचतां येत नाहीं, आणि केंद्रावरचा माणूस घाईंत असतो. अशा ठिकाणीं पांचवींतील मुलगी शांतपणें आंकडा वाचून दाखविते, त्यानें पुष्कळ भांडणें टळतात.

जमाखर्च कसा मांडावा हें मात्र बापानेंच शिकवावें, व शिकवितांना आपणहि शिकावें. आपण काय करतों? म्हैस दुधावर असेल तेवढ्या दिवसांचा हिशेब तोंडीं करतों व नफा झाला म्हणतों. समजा म्हैस अठरा महिन्यांनीं व्याली व त्यांपैकीं दहा महिने दुधावर राहिली. तर उरलेल्या आठ महिन्यांचा खुराकहि त्याच दहा महिन्यांच्या दुधावर बसला पाहिजे. घरची ढेप, घरचा कोंडा, घरचें तणस फुकट धरूं नये, बाजारभावानें लिहावें. आईची व आजीची मजुरीहि लिहावी. असें लिहिल्यावर कदाचित् तोटा निघेल. निघो. धंदा तोट्याचा आहे म्हणून मुलास त्यापासून दूर ठेवणारे बाप मला भेटतात. पण तोटा कोठें आहे, भाकड दिवसांत आहे, विकत घेतलेल्या ढेपेंत आहे कीं मेलेल्या वासरांत आहे, हें त्यांपैकीं एकासहि सांगतां येत नाहीं. दहाव्या वर्षीं वहींत तोटा पाहिलेला मुलगा तिसाव्या वर्षीं कर्ज काढून दहा म्हशी आणण्यापूर्वीं विचार करील. आणि वही पाहून त्यानें दुसराच धंदा धरला, तरी मला त्यांत कांहीं वावगें वाटणार नाहीं.

एक अवघड गोष्टहि मुलापासून लपवूं नये. म्हशीचें नर वासरूं पुष्कळ घरीं भुकेनें मारलें जातें. कोणी हातानें मारीत नाहीं. दूध तोडून घेतात, तें आपोआप मरतें, आणि मग पान्हा यावा म्हणून त्याच्याच कातड्यांत तणस भरून म्हशीपुढें उभें करतात, किंवा चोरून आणलेलें इंजेक्शन टोंचतात. ऑक्सिटोसिनचा असा वापर बेकायदेशीर आहे, हें सर्वांस ठाऊक असून चालतें. मूल हें पाहतें व गप्प बसतें. त्यापेक्षां, नर वासरास किती दूध द्यावयाचें, तें किती दिवस द्यावयाचें, नंतर त्याचें काय करावयाचें, याचा निर्णय घरांत उघडपणें व्हावा व वहींत लिहावा. गाईस माता म्हणावयास शिकविणें सोपें आहे. रेडकाच्या वांट्याच्या दुधाचें माप ठरविणें कठीण आहे, आणि मुलाच्या मनावर खरा संस्कार त्या मापाचा होतो.

आतां मर्यादा. पांच-सात वर्षांच्या मुलानें जनावराजवळ जावें तें मोठ्याचा हात धरून. नांव ठेवावें, अंग खरारावें, पाण्याच्या बादल्या मोजाव्या, यापुढें जाऊं नये. धार काढण्यास बाराव्या वर्षापूर्वीं बसवूं नये. बसविल्यावर अंगठा दुमडून काढण्याची खोड लागूं देऊं नये, पुऱ्या मुठीनें काढावयास शिकवावें, कारण दुमडलेल्या अंगठ्यानें सडास इजा होते. कुट्टीच्या यंत्राजवळ मुलांनीं मुळींच जाऊं नये. नुकत्याच व्यालेल्या म्हशीपासून दूर रहावें. गाभ टाकलेल्या जनावराच्या जारेस हात लावूं नये. सांसर्गिक गर्भपाताचा रोग माणसासहि होतो, व त्याच कारणासाठीं कच्चें दूध पिऊं नये. आणि काम शाळेपूर्वीं किंवा शाळेनंतर अर्धा तास, त्याहून अधिक नाहीं. बालकामगारांचा कायदा २०१६ सालीं सुधारला; त्यांत शाळेची वेळ सोडून घरच्या निर्धोक उद्योगांत मुलानें मदत करण्यास मोकळीक आहे. त्या मोकळिकीचा आधार घेऊन सालदाराचें पोर आपल्या कोठ्यांत राबविणें हा कायद्याचा भंग आहे, मग त्यास कोणी शिक्षण म्हणो कीं आणखी कांहीं.

शाळेनेंहि थोडें करावें. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांत सहावी ते आठवीच्या मुलांसाठीं दहा दिवस दप्तराविना शिक्षणाची शिफारस आहे. त्यांतील दोन दिवस दुधाच्या केंद्रावर व पशुवैद्यकीय दवाखान्यांत घालवितां येतील. साकोलीस कृषि विज्ञान केंद्र आहे, नागपुरास २००० सालीं स्थापन झालेलें पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे. तेथील मंडळी बोलाविल्यास येतात. पण गुरुजींवर सर्व भार टाकूं नये. त्यांच्यावर कागद पुष्कळ आहेत, आणि कागदांचा भार काय असतो हें प्रस्तुत लेखकास सांगावयास नको.

आपल्या सभेनें करावयाची गोष्ट एकच सुचवितों. म्हशी बहुधा पावसाळा सरतां-सरतां व दिवाळीच्या आसपास वितात. त्याच सुमारास धान घरीं येतो आणि गांवोगांव मंडई भरते. दंडार पाहण्यास सारा गांव जमतोच. या वर्षीं जन्मलेल्या वासरांची नोंद आतांच करून, पुढील वर्षाच्या मंडईच्या दिवशीं सकाळीं मुलांनीं पाळलेलीं जनावरें आणि त्यांच्या वह्या यांचें प्रदर्शन भरवावें. परीक्षक म्हणून पशुवैद्य एक व गांवांतील जाणती आजी एक असावी. अर्धे गुण जनावरास व अर्धे वहीस द्यावे. बक्षीस म्हणून ढाल-पेले न देतां क्षारमिश्रणाची पिशवी आणि बरसीमचें बीं द्यावें. वहींत खाडाखोड असेल तर गुण कापूं नयेत, मागाहून एका बैठकींत भरलेली वही मात्र बाजूस ठेवावी; कारकुनी केलेल्या माणसास अशी वही शाईवरून ओळखूं येते, व हें तपासणीचें काम मी आनंदानें करीन. ज्या मुलाचें वासरूं मधेंच मेलें असेल त्यानेंहि आपली वही घेऊन यावें. कोणत्या तारखेस काय झालें, औषध केव्हां दिलें, किती दिवस उशीर झाला, हें त्यानें लिहिलें असेल तर ती वही इतर वह्यांच्या बरोबरीनें तपासली जावी.